रिपोर्ट सात, उत्तर एकच

पत्र असं आहे (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून): "मी ३१ वर्षांचा, मूळ कोल्हापूर जिल्ह्यातला, नोकरी चाकणला. पाच महिन्यांपूर्वी मित्रांबरोबर बाहेरगावी गेलो असताना एका देहविक्री करणाऱ्या बाईकडे गेलो. संबंध कंडोम लावून झाला, पण त्याआधी तिने कंडोमशिवाय मुखमैथुन केलं होतं. शेवटी कंडोम थोडा वर सरकलेला दिसला, फाटलेला नव्हता. अठराव्या दिवशी ताप आला, घसा दुखला. तेव्हापासून झोप नाही. आतापर्यंत एचआयव्हीच्या सात टेस्ट केल्या: ९व्या दिवशी पीसीआर, २१व्या दिवशी रॅपिड, ३४, ५२ आणि ६८व्या दिवशी फोर्थ जनरेशन, ९५व्या दिवशी सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशन केंद्रात), १३०व्या दिवशी परत फोर्थ जनरेशन. सगळ्या निगेटिव्ह. पण ३४व्या दिवशी व्हॅल्यू ०.१९ होती, ५२व्या दिवशी ०.३१ झाली. वाढली म्हणजे आत काहीतरी चाललंय ना? कुणी तीन महिने सांगतं, कुणी सहा, कुणी वर्ष. खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, तर खोटा निगेटिव्ह का नाही? रोज सकाळी टॉर्चने जीभ बघतो, मानेतल्या गाठी दाबून बघतो. चार किलो वजन उतरलंय. घरी गेलो की आईच्या ताटाजवळ माझं ताट ठेवत नाही. साखरपुडा झालाय, दिवाळीनंतर लग्न आहे. मोडावं का? रक्तदान केलं तर फुकट टेस्ट होईल असं मित्र म्हणतो, तेही करून बघू का? कधीकधी वाटतं, हे सगळं संपवून टाकावं."

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळ्यापेक्षा ते तातडीचं आहे. 'संपवून टाकावं' म्हणजे तुम्ही जीव देण्याबद्दल बोलत असाल, तर पुढचं वाचायच्या आधी १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. ही टेलिमानस नावाची सरकारी मोफत सेवा आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या खोलीवर राहणाऱ्या एखाद्या भरवशाच्या माणसाला एवढंच सांगा, "माझं डोकं ठिकाणावर नाही, आज रात्री माझ्याजवळ थांब." कारण सांगायची गरज नाही. ते विचार थांबत नसतील, किंवा कसं करायचं इथपर्यंत मन गेलं असेल, तर जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. रात्री दोन वाजता गेलात तरी चालतं.

आता ज्या प्रश्नाने तुमचे पाच महिने खाल्ले, त्याचं उत्तर. त्या दिवशीच्या घटनेतून तुम्हाला एचआयव्हीची लागण झालेली नाही. हे आम्ही धीर देण्यासाठी लिहीत नाही. तुमच्याच हातातल्या कागदांवर ते ५२व्या दिवसापासून लिहिलेलं आहे. त्यानंतरच्या तीन टेस्टनी तेच पुन्हा सांगितलं, नवीन काही सांगितलं नाही.

हे इतक्या खात्रीने का म्हणता येतं, ते समजून घ्या. विषाणू शरीरात शिरल्यावर पहिले साधारण १० दिवस तो रक्तात कोणत्याच चाचणीला सापडत नाही. मग त्याचा जनुकीय भाग, म्हणजे आरएनए, रक्तात दिसू लागतो. तो पीसीआर प्रकारच्या चाचणीत पकडता येतो. त्यानंतर आठवडाभरात विषाणूच्या कवचातलं पी-२४ नावाचं प्रथिन मोजण्याइतकं वाढतं. आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करू लागतं. जुन्या चाचण्या फक्त अँटिबॉडी शोधायच्या, त्यामुळे त्यांना उशीर लागायचा. फोर्थ जनरेशन चाचणी पी-२४ आणि अँटिबॉडी दोन्ही एकदम शोधते. म्हणूनच शिरेतून काढलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेली फोर्थ जनरेशन टेस्ट ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, की तो निकाल पक्का धरतात. बोटाच्या थेंबावर होणाऱ्या रॅपिड कार्डाला ९० दिवस देतात, कारण त्यात रक्त थोडं असतं आणि बऱ्याच कार्डांत पी-२४ शोधलंच जात नाही.

हे तुमच्या सात कागदांना लावून बघा. ९व्या दिवसाची पीसीआर फुकट गेली. त्या दिवशी ती काही सांगूच शकत नव्हती. २१व्या दिवसाचं रॅपिडही लवकर झालं. ३४व्या दिवसाची फोर्थ जनरेशन बरीचशी दिलासा देणारी होती, पण शेवटचा शब्द नव्हता. ५२व्या दिवसाची हा शेवटचा शब्द. आणि ज्याला जुना, कडक, तीन महिन्यांचा नियमच हवा असेल, त्याच्यासाठी ९५व्या दिवसाची आयसीटीसीतली टेस्ट.

मग सहा महिने, वर्ष हे कुठून आलं? ते कुणी मनाने रचलेलं नाही, म्हणूनच ते इतकं टिकून आहे. १९८५ मध्ये अँटिबॉडी शोधणाऱ्या पहिल्या एलायझा चाचण्या आल्या तेव्हा त्या इतक्या संवेदनशील नव्हत्या, आणि सावधगिरी म्हणून सहा महिन्यांनी परत तपासायला सांगत. ती सवय डॉक्टरांच्याही बोलण्यात राहून गेली. शिवाय ज्यांनी घटनेनंतर प्रतिबंधक औषधांचा कोर्स घेतला, किंवा सुई टोचलेल्या ज्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा पाठपुरावा चालू आहे, त्यांना आजही जास्त लांब मुदत देतात, कारण औषधांमुळे अँटिबॉडी बनायला उशीर होऊ शकतो. तुम्ही औषध घेतलेलं नाही. तुमच्यासाठी सहा महिन्यांचा काही नियम नाही.

०.१९ आणि ०.३१ बद्दल सविस्तर लिहितो. पत्रावरून दिसतं, की खरं घर या आकड्यांनी पोखरलं आहे. मशीनमध्ये तुमच्या रक्ताची रसायनांशी क्रिया होते आणि त्यातून प्रकाश निघतो. तो किती निघाला ते मोजतात आणि कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या प्रकाशाने भागतात. येणारा भागाकार म्हणजे तुमची 'व्हॅल्यू'. रिपोर्टवर तिच्यापुढे एस/सीओ किंवा सीओआय असं लिहिलेलं असतं. १ किंवा त्याच्या वर गेली तर रिअ‍ॅक्टिव्ह. काही मशिनांत ०.९ ते १ हा काठावरचा पट्टा मानून परत तपासतात. त्याखालचं सगळं नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. ०.०५ असो की ०.४२, अर्थ एकच. रक्तात शोधायची वस्तू नसतानाही थोडा प्रकाश निघतोच: नळीतला, रसायनांचा, तुमच्या रक्तातल्या इतर प्रथिनांचा. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर काही ठेवलेलं नसताना आकडा दोन-पाच ग्रॅम इकडेतिकडे हलतो, तशी ही हालचाल. एकाच बाटलीतलं रक्त एकाच मशिनवर दोनदा लावलं तरी दोन वेगळे आकडे येतात. तुमच्या दोन टेस्ट तर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या किटच्या लॉटवर झालेल्या.

खरी लागण असती तर काय दिसलं असतं, तेही ऐका. विषाणू वाढू लागला की ही व्हॅल्यू ०.१ ने सरकत नाही. ती मर्यादा ओलांडून झपाट्याने वर जाते, काही आठवड्यांत अनेक पट होते. मग १३०व्या दिवसाची टेस्ट निगेटिव्ह यायला जागाच उरत नाही. काही प्रयोगशाळा हा आकडा छापतात, काही फक्त 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' छापतात. आमचं स्पष्ट मत आहे की रुग्णाच्या हातात हा आकडा देऊ नये; त्याने कुणाचं भलं झालेलं नाही, आणि घाबरलेल्या माणसाला तो महिनोन्‌महिने कुरतडत राहतो.

'खोटा पॉझिटिव्ह येतो, तर खोटा निगेटिव्ह का नाही' हा प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर किट कसं बनवतात यात आहे. पहिली चाचणी मुद्दाम जास्त संशयी ठेवलेली असते. एकही लागण झालेला माणूस हातून सुटू नये, मग चार निरोगी माणसं अडकली तरी चालतील, पुढे त्यांची सुटका करता येईल, असा त्यामागे विचार असतो. आकड्यांत बघू. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. समजा १०,००० लोकांची टेस्ट केली आणि किट ९९.५ टक्के निरोगी माणसांना बरोबर निरोगी म्हणतं. लागण झालेले २० जण, ते सगळे पकडले जातील. उरलेल्या ९,९८० पैकी अर्धा टक्का, म्हणजे सुमारे ५० निरोगी माणसंही रिअ‍ॅक्टिव्ह दाखवली जातील. एकूण ७० रिअ‍ॅक्टिव्ह, त्यात खरे फक्त २०. म्हणून एका टेस्टवर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. आयसीटीसीत पहिलं किट रिअ‍ॅक्टिव्ह आलं, की त्याच रक्तावर वेगळ्या बनावटीची दुसरी आणि तिसरी किट लावतात. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आली तरच पॉझिटिव्ह असा निकाल देतात. पहिली दोन 'हो' आणि तिसरी 'नाही' म्हणाली तर अनिर्णित लिहून १४ ते २८ दिवसांनी परत बोलावतात. पहिलंच किट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर मात्र तिथेच थांबतात. हा आळशीपणा नव्हे. संशयी पहारेकऱ्यानेच 'कुणी नाही' म्हटल्यावर दुसऱ्याला विचारायची गरज उरत नाही.

खोटा निगेटिव्ह अजिबात येत नाही असं मात्र नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तो येतो तेव्हा त्यामागे ठरलेली कारणं असतात. सर्वांत मोठं कारण घाई, म्हणजे विंडो पिरियडमध्ये (लागण होऊनही ती टेस्टमध्ये दिसत नाही त्या सुरुवातीच्या दिवसांत) केलेली टेस्ट. दुसरं, घटनेनंतर घेतलेली प्रतिबंधक औषधं, किंवा आधीच चालू असलेली एचआयव्हीची औषधं. तिसरं, प्रतिकारशक्ती इतकी ढासळलेली की अँटिबॉडी बनतच नाहीत: कॅन्सरची केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, जन्मजात दोष. हे दुर्मिळ आहे आणि असा माणूस आधीच रुग्णालयात उपचार घेत असतो. चौथं, माणसाची चूक: नळीवर दुसऱ्याचं नाव, कार्ड ठरलेल्या वेळेआधी वाचणं, कालबाह्य किट. पहिली तीन कारणं तुम्हाला लागू नाहीत. चौथं एका टेस्टमध्ये होऊ शकतं. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या पद्धतीने केलेल्या चार टेस्टमध्ये तीच चूक त्याच दिशेने होणं शक्य नाही. हवं तर एकदाच, शेवटचं, ५२व्या आणि ९५व्या दिवसाचा कागद काढून बघा: नाव, वय, रक्त घेतल्याची तारीख, एचआयव्ही-१ आणि २ दोन्हींचा उल्लेख. ते जुळत असेल तर कागद परत फाइलमध्ये ठेवा.

सर्दी-तापाच्या गोळ्या, अँटिबायोटिक, होमिओपॅथीच्या साखरगोळ्या, आदल्या रात्री घेतलेली दारू, उपाशीपोटी असणं किंवा नसणं, यातल्या कशानेही निगेटिव्ह-पॉझिटिव्ह बदलत नाही. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) मोजायला जाऊ नका. ती लागण ओळखायची चाचणी नाही. साध्या तापातही तो आकडा खाली येतो, आणि तुम्हाला घाबरायला नवा आकडा मिळेल. पीसीआरही परत नको. आपल्याकडे ती प्रामुख्याने बाधित आईच्या बाळांसाठी वापरतात, पहिल्यांदा सहाव्या आठवड्याला, कारण बाळाच्या रक्तात आईच्या अँटिबॉडी असतात आणि नेहमीची टेस्ट तिथे फसते. उपचार घेणाऱ्यांचा विषाणूभार, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत, तेही त्याच तंत्राने मोजतात. मोठ्या माणसाच्या मनाच्या समाधानासाठी ती बनलेली नाही. शिवाय एचआयव्ही-१ साठीच्या पीसीआरला एचआयव्ही-२ दिसत नाही.

घटनेतला धोका मुळात किती होता? समोरची व्यक्ती खात्रीने बाधित आहे, उपचार घेत नाही आणि कंडोम अजिबात नाही, असं धरलं तरी योनीसंबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता एका वेळेस १०,००० मध्ये सुमारे ४ एवढी मोजली गेली आहे. तुलनेसाठी, बाधिताने वापरलेल्याच सुईने नशेचं इंजेक्शन घेतलं तर १०,००० मध्ये ६३, आणि बाधित रक्त चढवलं गेलं तर ९,००० च्या वर. मुखमैथुनात, तुम्ही होतात त्या बाजूला, धोका नगण्य. कंडोम वर सरकला म्हणता, पण टोक आत झाकलेलं होतं आणि फाटलेला नव्हता. कंडोम फुटतो तेव्हा तो कळतो. लेटेक्स उभं चिरतं, अदृश्य भोक पडून राहत नाही. (हे ४ म्हणजे सरासरी आहे. गुप्तांगावर जखम किंवा गुप्तरोग असेल, किंवा समोरच्याची लागण अगदी ताजी असेल, तर धोका अनेक पटीने वाढतो. कुणी हा आकडा परवानगी म्हणून वाचू नये.)

अठराव्या दिवसाचा ताप. सुरुवातीच्या लागणीत दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी असं होऊ शकतं, हे खरं. पण तेच फ्लूमध्ये होतं, डेंग्यूत होतं, पावसाळ्यात निम्म्या चाकणला होतं. लागण झालेल्या कित्येकांना यातलं काहीच होत नाही. म्हणून लक्षणांवरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. ते काम फक्त टेस्टचं. ती झाली आहे. जिभेवरचा पांढरा थर चहा, तंबाखू, तोंडाने श्वास घेणं आणि न जेवणं यानेही येतो. मानेतल्या वाटाण्याएवढ्या गाठी बहुतेक सगळ्या बारीक अंगाच्या माणसांना हाताला लागतात, आणि दिवसातून दहा वेळा दाबल्या की त्या दुखतात, सुजतात. म्हणजे ज्या सुजेला तुम्ही घाबरता, ती तुमच्याच बोटांनी आणलेली असू शकते. चार किलो वजन मात्र हसण्यावारी नेऊ नका. जेवण-झोप बिघडल्याने उतरलं असण्याची शक्यता जास्त, पण फॅमिली डॉक्टरला दाखवून साखर, थायरॉइड, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि खोकला असेल तर टीबीची तपासणी एकदा करून घ्या.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सात टेस्ट केल्यात, पण त्या घटनेतून खरोखर होऊ शकणाऱ्या दुसऱ्या आजारांची एकही नाही. कंडोमशिवायच्या मुखमैथुनातून सिफिलिस आणि गोनोरिया होऊ शकतात, आणि ते एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतात. सिफिलिसचा फोड दुखत नाही, आपोआप भरतो, आणि माणसाला वाटतं बरं झालं. तीन महिने उलटून गेल्यामुळे आता एकदाच केलेली व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही सिफिलिसची रक्तचाचणी पुरेशी आहे. त्याच रक्तात हिपॅटायटिस बी (एचबीएसएजी) बघून घ्या. लघवीला जळजळ किंवा स्राव असेल तर तसं सांगा. जिल्हा आणि मोठ्या उपजिल्हा रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी आणि औषध तिथे मोफत. सिफिलिस निघालाच तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने पूर्ण बरा होतो. हिपॅटायटिस बी निगेटिव्ह असेल तर लस घ्या: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी, असे तीन डोस. आणि हेही एकदाच. या नव्या टेस्टची सातवी फेरी सुरू करायची नाही, हे आधीच ठरवून जा.

रक्तदानाचं मनातून काढून टाका. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी तपासतात हे खरं, पण टेस्ट करून घ्यायला रक्तदान करणारा माणूस विंडो पिरियडमध्ये असेल, तर त्याची पिशवी निगेटिव्ह ठरून एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या पोराला चढू शकते. तुम्ही बाधित नाही. पण ज्याला तुमचा मित्र हाच सल्ला देईल, तो असू शकतो. त्याला आयसीटीसीचा पत्ता द्या. तिथे टेस्ट मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो, तुमची संमती घेतल्याशिवाय रक्त घेत नाहीत, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी निकाल मिळतो. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि नोकरीसाठी ही टेस्ट सक्तीची करता येत नाही. जवळचं केंद्र कुठे ते १०९७ या मोफत क्रमांकावर कळतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची घटना काल-परवाची असेल, तर त्यांच्यासाठी वेगळं. ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. पहिल्या काही तासांत मिळाली तर उत्तम. दिवसाला एक गोळी, २८ दिवस, मध्ये खंड नाही. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीची औषधं देतात) लगेच विचारा. तिथे अडलं तर डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन औषधं विकत घ्या. नंतर टेस्टच्या तारखा त्यांच्याकडूनच लिहून घ्या, कारण वर सांगितलेले ४५ आणि ९० दिवस औषध घेतलेल्यांना जसेच्या तसे लागू नाहीत.

आता तुमच्या खऱ्या आजाराबद्दल. तो आहे, आणि त्याला उपचार आहे. प्रत्येक टेस्टनंतर तुम्हाला किती वेळ बरं वाटलं, आठवून बघा. पहिल्या निगेटिव्हनंतर बहुधा आठवडा, मग दोन दिवस, शेवटच्या वेळी कदाचित कागद हातात असतानाच 'पण' सुरू झालं असेल. भीती, तपासणी, क्षणभर सुटका, आणि परत आधीपेक्षा मोठी भीती, असं हे चक्र चालतं. मेंदू त्यातून एवढंच शिकतो, की तपासलं म्हणून वाचलो, म्हणजे धोका खरा होता. म्हणून आठव्या टेस्टने ही शंका मिटणार नाही, तिला खाऊ मिळेल. मानसोपचारात याला आरोग्यचिंता म्हणतात. टॉर्च, गाठी, ताट वेगळं ठेवणं हे बघता यात ओसीडीचा (तोच विचार आणि तीच कृती परत परत करायला लावणाऱ्या आजाराचा) भाग असावा असं वाटतं, पण ते डॉक्टरांनी समोर बसून ठरवायचं. आणि खरी गोष्ट ही, की यात पुष्कळदा विषाणूच्या भीतीइतकीच अपराधाची भावना असते. 'मी चुकलो, मला शिक्षा व्हायलाच हवी' असं मन ठरवून बसतं आणि टेस्ट ती शिक्षा देत नाही म्हणून टेस्टवरच विश्वास बसत नाही. ती बोच खरी असेल, तर तिचं काय करायचं ते वेगळं ठरवा. रक्त तपासून ती जाणार नाही.

घरच्या घरी सुरू करता येईल असं पहिलं काम: वहीत दोन दिवस फक्त नोंदी करा. जीभ किती वेळा बघितली, गाठी किती वेळा दाबल्या, वजन किती वेळा केलं, मोबाइलवर किती वेळा शोधलं, किती जणांना तोच प्रश्न विचारला. तिसऱ्या दिवशी सर्वांत सोपी सवय निवडा, बहुधा वजन. इच्छा झाली की नाही म्हणू नका, १५ मिनिटं पुढे ढकला. त्या पंधरा मिनिटांत छाती धडधडेल, घाम येईल. काही करू नका. स्वतःला 'मी निगेटिव्ह आहे' असंही बजावू नका, कारण तीही एक तपासणीच आहे. 'शंका आली आहे, असू दे' एवढंच म्हणा. धडधड वर जाते, काही वेळ थांबते आणि आपोआप उतरते, बहुतेक वेळा तासाभराच्या आत. ते जमलं की अर्धा तास, मग एक तास, मग दिवसातून एकदाच, मग नाही. त्यानंतर गाठी, मग जीभ, शेवटी मोबाइल, कारण ते सर्वांत अवघड. आईच्या ताटाशेजारी ताट ठेवण्यापासून मात्र आजच सुरुवात करा. एचआयव्ही बाधित माणसाच्या ताटातूनही पसरत नाही, आणि तुम्ही बाधित नाही. रिपोर्टची फाइल खोलीवर नको, भावाकडे किंवा मित्राकडे पाकिटात बंद करून द्या. यात फसतं कुठे? चार दिवस छान जातात, मग अंगावर एक पुरळ उठतं आणि माणूस एका रात्रीत सगळं परत करून बसतो. ते होणार, असं धरूनच चला. दुसऱ्या दिवशी परत १५ मिनिटांपासून.

याच पद्धतीने शिकवणारा मानसतज्ज्ञ सोबत असेल तर हे जास्त लवकर होतं. पुणे, कोल्हापूर, दोन्हीकडच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे. तुमची झोप, वजन आणि ते शेवटचं वाक्य बघता डॉक्टर बहुधा एसएसआरआय गटातलं, म्हणजे चिंता आणि नैराश्यावरचं, औषध देतील. सुरुवातीला आठवडाभर मळमळ, बेचैनी वाढल्यासारखं वाटतं. तिथेच बरेच जण सोडून देतात. फरक दोन ते सहा आठवड्यांत दिसू लागतो, ओसीडी असेल तर दहा-बारा आठवडेही लागतात. या गोळ्यांची सवय लागत नाही, पण अचानक बंदही करायच्या नसतात. मेडिकलवाल्याकडून झोपेसाठी अल्प्राझोलाम आणून घेणं मात्र टाळा, तिची सवय लागते.

लग्न मोडायचं का? एचआयव्हीच्या कारणाने, नाही. तुमच्यापासून त्या मुलीला या विषाणूचा कोणताही धोका नाही. सिफिलिस आणि हिपॅटायटिसची तपासणी लग्नाआधी करा, ती तिच्यासाठी आवश्यक आहे. त्या दिवशीची गोष्ट तिला सांगायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं, पण मन थोडं शांत झाल्यावर. आज सांगाल ते कबुली कमी आणि तिच्याकडून धीर मागणं जास्त असेल, आणि ते ओझं तिच्यावर टाकणं बरोबर नाही. दोन्ही घरांनी ठरवून दोघांचीही टेस्ट करायचं म्हटलं, तर जरूर करा, दोघांनी एकत्र, एकदा. स्वतःहून सुचवू नका, कारण तुम्ही ते तिच्यासाठी सुचवताय की आठवी टेस्ट मिळावी म्हणून, हे तुम्हालाही कळणार नाही. पुढे कधी नव्याने धोक्याचा संबंध आला, तर ४५ दिवसांनी नवी टेस्ट. त्या घटनेसाठी. या घटनेसाठी परत नाही.

आणि ज्या चित्राला तुम्ही इतके घाबरला आहात, ते तीस वर्षांपूर्वीचं आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधं मोफत मिळतात. आज लागण झालेल्याला बहुधा दिवसाला एक गोळी घ्यावी लागते. ती वेळेवर घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो, आणि विषाणूभार मोजता न येण्याइतका खाली राहिला की त्याच्याकडून जोडीदाराला शारीरिक संबंधातून लागण होत नाही. अशी लाखो माणसं आपल्या आजूबाजूला काम करतायत, त्यांच्या ताटाला ताट लावून आपण जेवतो.

या आठवड्यात दोनच फेऱ्या: एक सुरक्षा क्लिनिकची, एक मानसोपचार ओपीडीची. दुसरीकडे जाताना हे पत्र जसंच्या तसं डॉक्टरांच्या हातात द्या, शेवटच्या ओळीसकट. तोंडाने सांगायला बसलात तर तीच ओळ गाळाल.